टॉवर आला म्हणजे गिऱ्हाईक आलं का?



गावातला बंद कारखाना, जुनी जिनिंग किंवा गोडाऊन पाडून तिथे फ्लॅट होणार अशी बातमी आली की गल्लीत लगेच दोन गट पडतात. राहणारे म्हणतात, "पाणी आधीच पुरत नाही, गाड्या लावायच्या कुठे?" दुकानदार म्हणतात, "दोनशे घरं म्हणजे दोनशे नवी गिऱ्हाईकं!"

माझं मत स्पष्ट सांगतो. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे, आणि धंद्यासाठी दुसरा गट जास्त धोक्यात आहे. कारण तो घरं मोजतो, गिऱ्हाईक मोजत नाही.

पाथर्डीकरांना हे वेगळं समजवायला नको. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की बाजार थंड पडतो. कारखान्यांचा पट्टा पडला, माणसं परतली की पुन्हा भरतो. घरं तीच असतात, पण गल्ला बदलतो.

आता मोठं उदाहरण घ्या, मुंबईचं गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवायचे. या खानावळी चाळीतल्या बायका चालवायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. दुकान नाही, बोर्ड नाही, तरी पक्का धंदा. कारण गिऱ्हाईक पायी चालत यायचं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकेक गिरणी बंद होत गेली आणि खानावळीचं गिऱ्हाईकच गेलं. अन्नपूर्णाने केटरिंगकडे मोर्चा वळवला. धंदा टिकवायचा तर असंच गिऱ्हाईकाच्या मागे जावं लागतं.

मग जमिनीचा प्रश्न आला. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: मोकळ्या जागेसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जागेची होणार असं ठरलं, त्यामुळे शहराचा वाटा एकदम आटला. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल कायम ठेवला. टॉवर, मॉल, ऑफिसं उभी राहिली. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघायला 2012 उजाडलं, आणि ती होती 6,925 घरांची.

गर्दी वाढली, पण रस्ते आणि पूल तेवढेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा जीव गेला. त्यामुळे रस्त्या-पाण्याबद्दल शंका काढणाऱ्याला "विकासाच्या आड येतो" म्हणू नका. तो तुमच्याही दुकानासमोरच्या रस्त्याबद्दलच बोलतोय.

म्हणून फ्लॅट नकोच म्हणायचं का? नाही. बंद कारखान्याची जागा गंजत पडण्यापेक्षा तिथे घरं झालेली बरी. गिरणी कामगारांनीही घरंच मागितली होती. भांडण घरांशी नाही, ती कुणासाठी आणि कशी बांधली जातात याच्याशी आहे.

तुमच्या भागात अशी स्कीम येत असेल तर आधी एवढं तपासा:

1. राहायला कोण येणार? भाडेकरू, नोकरदार, की कुलूप लावून ठेवणारे गुंतवणूकदार?
2. गेट कुठे उघडणार? बाजाराकडे की हायवेकडे? हायवेकडे उघडलं तर ते गिऱ्हाईक गाडीतून थेट नगरला जाईल.
3. खाली गाळे आहेत का, केवढे आहेत? शंभर-दीडशे फुटांचा गाळा आपल्याला परवडतो, हजार फुटांचा मोठ्या ब्रँडला.
4. त्या जागेवर आज टपरी, गॅरेज चालवणाऱ्यांचं काय? लेखी काही आहे का?
5. पायी येण्याची वाट आणि पार्किंग कुठे आहे?

उत्तरं आवडली नाहीत तर कट्ट्यावर बोलून उपयोग नाही. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020 पासून एकत्रित नियमावली लागू आहे, आणि काही अटींवर औद्योगिक जागा निवासी करता येते. विकास आराखड्यात बदल होतो तेव्हा नोटीस निघते, हरकती-सूचना मागवतात आणि त्याला साधारण महिनाभर मिळतो. तेव्हा दहा दुकानदारांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "विरोध आहे" एवढंच लिहू नका. "छोटे गाळे, बाजाराकडे गेट, फुटपाथ आणि जुन्या दुकानदारांना आधी संधी" असं मुद्देसूद मागा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. नुसता नकाशा बघून गाळ्याचा बयाणा देऊ नका. आधी बाल्कनीत कपडे वाळताना दिसू द्या, मग शटर उघडा.

तुमच्या गावात अशी जागा असेल तर तिथे काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? कमेंटमध्ये लिहा.