फुकटच्या सल्ल्याचे अर्थशास्त्र

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस असावेत आणि नेमक्या त्याच सकाळी कार्यालयातील सर्व्हरने डिस्कवर जागा नसल्याचे सांगून काम बंद पाडावे, हा प्रसंग अनेक संस्थांच्या परिचयाचा आहे. सर्व्हरची देखभाल करणारा बहुधा एकटाच असतो. प्रयोगशाळेचा साहाय्यक, प्रिंटरचा वैद्य आणि प्राचार्यांच्या पासवर्डचा स्मरणकर्ता ही कामेही त्याच पगारात त्याच्याकडे असतात. तो भल्यामोठ्या लॉग फाइली पुसून टाकतो, तरीही ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क शंभर टक्के भरल्याचेच सांगते. ‘डीयू’ने मोजावे तर निम्मी डिस्क रिकामी! वास्तविक दोन्ही आज्ञा खरेच बोलत असतात. फाइलीचे नाव पुसले गेले, तरी जो प्रोग्रॅम ती उघडून बसला आहे तो तिला सोडीपर्यंत लिनक्स ती जागा मोकळी करीत नाही. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की काम भागते. ठाऊक असणाऱ्यास हे दोन मिनिटांचे काम. नसणाऱ्याचा दिवस जातो. आणि ही माहिती त्याला मिळते, ती कोणा अनोळखी माणसाने काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणाला दिलेल्या उत्तरातून.

लिनक्सचा आरंभच मुळी अशा विचारपुशीतून झाला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चागटात आपण एक नवी कार्यप्रणाली रचीत असल्याचे कळविले आणि मिनिक्समधील काय आवडते, काय आवडत नाही, अशी पृच्छा केली. विकत घेतलेल्या मालामागे विक्रेता उभा असतो. येथे विक्रेताच नव्हता. ती उणीव वापरणाऱ्यांनी परस्परांस मदत करून इतकी उत्तम भरून काढली की, १९९७ या वर्षासाठीचे उत्कृष्ट तांत्रिक साहाय्याचे पारितोषिक ‘इन्फोवर्ल्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाने कोणत्याही कंपनीला न देता लिनक्सच्या वापरकर्त्यांच्या समुदायाला दिले. पुढे या क्षेत्रात कंपन्या आल्या, साहाय्याचे वार्षिक करार आले. आयबीएमने २०१९ साली ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली. मोठ्या बँकांना असे करार परवडतात. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाला किंवा लहान पतसंस्थेला आधार राहतो तो अनोळखी शेजाऱ्यांचाच.

हे शेजारी फुकट का राबतात? मराठी शेतकऱ्यास सावड नवी नाही: आज एकाच्या शेतात दुसऱ्याचे बैल, उद्या दुसऱ्याच्या शेतात पहिल्याचे. पण सावडीचा हिशेब ओळखीच्या माणसांत राहतो आणि हंगामाबरोबर चुकता होतो. येथे घेणारा आणि देणारा एकमेकांना आयुष्यात पुन्हा भेटत नाहीत. तेव्हा केवळ परोपकार म्हणून या व्यवहाराची वासलात लावण्याचा मोह होतो. करीम लखानी आणि एरिक फॉन हिप्पेल या दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र निराळेच चित्र दिसले. लिनक्सच्याच कुळातील ‘अपाची’ या वेब सर्व्हरच्या वापरकर्त्यांची आपसांतील मदत त्यांनी तपासली. मदत करणाऱ्यांचे सुमारे ९८ टक्के श्रम इतरांचे प्रश्न आणि उत्तरे वाचण्यात, म्हणजे स्वतः शिकण्यात, खर्ची पडत होते. उत्तर लिहिण्याचा भार अल्प होता, कारण ते उत्तर त्यांना बहुधा आधीच ठाऊक असे. तात्पर्य, जाणकार तेथे येतो तो दुसऱ्याच्या अडचणीतून आपली उद्याची अडचण ओळखण्यासाठी. जाता जाता तो एखाद्याला हात देतो. प्रश्न चव्हाट्यावर असणे हेच त्याचे वेतन होय.

पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूची जी कल्पना मांडली, तिच्या चौकटीत असे उत्तर नेमके बसते: एकाने उपभोगल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. उघडेपणाचा दुसराही लाभ आहे. फुकटच्या सल्ल्यात वाईट सल्ला भरपूर असतो, हा आक्षेप खोटा नाही. फाइल उघडत नसेल तर सर्वांना सर्व अधिकार देऊन टाका, हा ‘७७७’चा मंत्र आजही सर्रास दिला जातो. तो घरच्या फोल्डरावर सरसकट चालविला की एसएसएच आपली किल्ली स्वीकारीनासे होते आणि बिचारा व्यवस्थापक स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभा राहतो! परंतु असा सल्ला चारचौघांत दिला गेला, तर त्याखाली कोणीतरी खडसावतोच. हे खडसावणे पुष्कळदा उर्मट असते आणि नवख्याचा त्यात हकनाक पाणउतारा होतो, हा या समुदायाचा जुना दोष आहे. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही.

आज हा चव्हाटाच ओस पडू लागला आहे. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वरील नव्या प्रश्नांचा आधीच ओसरू लागलेला ओघ २०२२ च्या अखेरीस संभाषणयंत्रे आल्यापासून झपाट्याने आटला. ज्या यंत्रांनी सार्वजनिक उत्तरे वाचूनच शहाणपण मिळविले, त्यांनाच आता प्रश्न खाजगीत विचारले जातात. उत्तर त्वरित मिळते, अपमान होत नाही. विचारणाऱ्याचा यात दोष नाही. मात्र ते उत्तर चुकले तर खडसावणारा कोणी नाही, आणि बरोबर आले तर त्याचा उपयोग एकट्यालाच. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरील बंद गटांचीही तीच गत आहे. नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या नव्या अडचणी कोठेच नोंदल्या गेल्या नाहीत, तर जाणकाराला तेथे येण्याचे कारण उरत नाही आणि यंत्रालाही वाचण्यास नवे काही मिळत नाही.

यावर उपदेश करून भागणार नाही, कारण फुकट घेऊन निघून जाणे हे व्यक्तीच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. जबाबदारी संस्थांची आहे. परवाना शुल्क वाचते म्हणून लिनक्स स्वीकारणाऱ्या संस्थांच्या अंदाजपत्रकात ही बचत दिसते. तिची परतफेड कोठेच दिसत नाही. किंबहुना आपल्या सर्व्हरविषयी बाहेर चकार शब्द काढू नये, असाच अनेक ठिकाणी दंडक असतो. गोपनीयतेची चिंता रास्त आहे. तिच्यासाठी पासवर्ड, पत्ते आणि माणसांची नावे वगळणे पुरेसे आहे. देखभाल करणाऱ्याला आठवड्यातील एखादा तास सुटलेल्या अडचणी सार्वजनिकरीत्या लिहून ठेवण्यासाठी द्यावा आणि तो कामाचा भाग म्हणून मोजावा. लिनक्सची कोणती आवृत्ती, काय बिघडले, कोणते उपाय फसले, शेवटी कशाने जमले, एवढे दहा ओळींत मावते. उत्तर मराठीत लिहिले तर तालुक्याच्या गावातील माणसाचे अधिक भले होईल. चूकसंदेश मात्र मूळ इंग्रजीत, जसाच्या तसा द्यावा; शोधणारा त्याच शब्दांनी शोधत येतो.