चालकाविना वाहन आणि परीक्षेविना चालक

चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही, कारण त्यांनी चालकांचा रोजगार बुडेल, असे केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले. घोषणा ऐकायला गोड आहे. परंतु त्यांच्याच खात्याने २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून २-ब हे कलम घातले, आणि संशोधनाच्या कारणास्तव काही प्रकारच्या वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. दार कायद्याने किलकिले ठेवायचे आणि ते बंद असल्याची ग्वाही सभेत द्यायची, यात चालकाचे संरक्षण कोठे आहे? मंत्र्याची इच्छा म्हणजे कायदा नव्हे.

शिवाय हे यंत्र आलेच तर ते प्रथम नागपूरच्या रस्त्यावर दिसणार नाही, खाणीत दिसेल. ऑस्ट्रेलियाच्या पिल्बरा भागात रिओ टिंटो कंपनीने २००८ पासूनच लोहखनिजाचे चालकविरहित डंपर वापरात आणले. त्यांचे नियंत्रण सुमारे दीड हजार किलोमीटरवरील पर्थमधून होते. आपल्या कायद्याच्या व्याख्येनुसार, केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन 'मोटार वाहन' ठरतच नाही. म्हणजे चंद्रपूरच्या उघड्या कोळसाखाणींत किंवा एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर भांडवलाने उद्या चालक हटवायचे ठरवले, तर मंत्र्यांची घोषणा कुंपणापाशीच थांबेल.

आणि कुंपणाबाहेर, आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने खनिजाचे अवजड ट्रक हाकणाऱ्या माणसाची परीक्षा तरी शासन घेते काय? व्यावसायिक परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली. ते योग्यच झाले. ज्या माडिया तरुणापर्यंत शासनाने शाळा नीट पोहोचवली नाही, त्याच्याकडे दाखला मागण्याचा शासनाला अधिकार नव्हता. मात्र कागदाची अट गेल्यावर प्रत्यक्ष चाचणी अधिक कसोशीची व्हावयास हवी होती. घडले उलटेच. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीच माफ झाली. जो शुल्क घेऊन शिकवतो, तोच उत्तीर्ण करतो. खासगी शिकवणीवर्गाला पदवी देण्याचा अधिकार बहाल करावा, तसला हा प्रकार! अवजड वाहनांच्या अशा केंद्राला दोन एकर जमीन लागते. ती ज्याच्याकडे आहे तो चालक नसतो, हे सांगावयास अर्थशास्त्र नको.

कोणत्याही चाचणीत न येणारी गोष्ट म्हणजे थकवा. मोबदला फेऱ्यांवर ठरला की चालक झोपेतून तास कापतो. हा त्याचा बेशिस्तपणा नव्हे, मजुरीच्या पद्धतीचा परिणाम आहे. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने आठ तासांची मर्यादा घातली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. मर्यादा कागदावर राहिली, पण जंगलातल्या रस्त्यावर रात्री दोन वाजता ती मोजणार कोण? अपघात झाला की गुन्हा चालकावर नोंदला जातो, फेऱ्यांचे गणित आखणारा मोकळा राहतो. यंत्र आले तर आरोपी करण्यापुरताही चालक उरणार नाही. मग जबाबदार कोण, याचे उत्तर २-ब कलमात नाही.

म्हणून गडचिरोलीत अवजड वाहनांसाठी शासनाचे स्वतःचे, विनाशुल्क प्रशिक्षण आणि चाचणी केंद्र उभे राहिले पाहिजे. परीक्षक शासनाचाच हवा. खनिजवाहतुकीच्या प्रत्येक कंत्राटात चालकाचे तास लिहिले जावेत व ते मोडल्यास दंड कंत्राटदाराकडून वसूल व्हावा. आणि २-ब कलमाखालची कोणतीही सूट अनुसूचित क्षेत्रात लागू करण्यापूर्वी तिचा मसुदा रस्त्यालगतच्या ग्रामसभांपुढे मराठीत व माडियात वाचला जावा.