देवाच्या झाडाला कात्री लावा

आमच्या गणेशपुरीत जास्वंद अंगणोअंगणी आहे. पण ती कधी छाटली आहे, असं अंगण मात्र शोधावं लागतं. गणपतीच्या झाडाला कोयता लावायचा नाही, असं मला सासूबाईंनी लग्नानंतर लगेच बजावलं होतं. सतरा वर्षं मी ते पाळलं. आज सांगते, ते चुकीचं होतं.

आमची गावठी जास्वंद न्हाणीमागे आहे, लाल, पाच पाकळ्यांची. वाढत वाढत ती पत्र्याच्या वर गेली. खाली नुसती लाकडं, फुलं सगळी शेंड्याला. सासूबाई आकडीनं फांदी ओढायच्या, तर निम्म्या कळ्या मोडून खाली पडायच्या. पुढे त्यांना तेही जमेना. दारात झाड असून चतुर्थीला नित्यानंदबाबांच्या समाधी मंदिराबाहेरून फुलं विकत आणायची वेळ आली. ते त्यांना फार लागायचं.

एका मे महिन्यात बागकाम करणारे एक काका दारात पाणी प्यायला थांबले. झाडाकडे बघून म्हणाले, "वहिनी, जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं. जुनं लाकूड किती दिवस सांभाळणार?" त्यांनीच ती कमरेइतकी उतरवली. प्रत्येक काप डोळ्याच्या जरा वर, तिरका, म्हणजे पाणी थांबत नाही. सासूबाई आत जाऊन बसल्या, बाहेर आल्याच नाहीत. तीन आठवड्यांत प्रत्येक कापाखाली पोपटी, तुकतुकीत पानं फुटली. त्या भाद्रपदात त्यांनी उभ्या उभ्या, हातानं अकरा फुलं तोडली.

वेळ तेवढी सांभाळायला हवी. छाटणी मे संपायच्या आत, कोरड्या हवेत करा. आषाढ-श्रावणात इथे पाऊस थांबत नाही, ओला काप कुजतो. पावसाआधी आळंही मोडून टाका. मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडून गळतात, आणि आपण खत कमी पडलं समजून आणखी खत घालतो! आळं पुन्हा बांधायचं ते दसऱ्यानंतर, शेणखत घालून.

दुसरं दुखणं पिठ्या ढेकणाचं. शेंडे आकसतात, पानं गोळा होतात, आत कापसासारखं पांढरं दिसतं. लोक त्याला बुरशी समजतात. ती कीड आहे. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी शेंडे उघडून बघा, कारण किडीच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या तिला जपतात. असे शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, परसात फेकू नका. जास्वंद भेंडीच्याच कुळातली, त्यामुळे ही कीड शेजारच्या भेंडीवरही जाते. उरलेल्या झाडावर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा एकदा.

रोपवाटिकेतली बशीएवढ्या फुलांची जास्वंद मीही आणली होती. दोन्ही रोपं पहिल्याच पावसाळ्यात गेली. आपल्या पावसात गावठीच टिकते, असं माझं स्पष्ट मत आहे.

छाटलेल्या फांद्याही वाया घालवू नका. करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या करून सावलीत ओल्या मातीत खोचा. जूनच्या हवेत त्या सहज मुळं धरतात. एक तुमच्या कुंपणाला लावा, एक शेजारणीला द्या.