रबाब यादीत, वादक परागंदा

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मान चार देशांना मिळून मिळाला. अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान. यातल्या पहिल्याच नावापाशी थांबायला हवे. त्या देशात आज रबाब वाजवायला मनाई आहे.

मनाई कागदावरची नाही. जुलै २०२३ मध्ये हेरातमध्ये तालिबानने जप्त केलेल्या वाद्यांची होळी केली. छायाचित्रे सरकारी वृत्तसंस्थेनेच दिली. त्या ढिगात गिटार होती, तशी पेटी आणि तबलाही होता. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सदाचार खात्याने वर्षभरात २१ हजारांहून अधिक वाद्ये नष्ट केल्याचे अभिमानाने जाहीर केले. चारच महिन्यांनी युनेस्कोची यादी आली.

यादीला आमचा विरोध नाही. पण तिने जपायचे ते नेमके काय? तुतीचे लाकूड आणि त्यावर मढवलेले कातडे संग्रहालयातही टिकेल. वाजवणे तिथे टिकत नाही. गत रंगात आली की रबाबिया मधूनमधून तरफेच्या सर्वांत उंच तारेवर नखी मारतो आणि त्या एका स्वरावर लय खेळवतो. याला परंदकारी म्हणतात. ती उस्तादासमोर बसून, त्याचे मनगट पाहत उचलावी लागते. काबूलच्या खराबात मोहल्ल्यात उस्ताद शागिर्दाला धागा बांधून पदरात घेत. आपल्याकडे गंडा बांधतात, तेच. त्यात नवल नाही, कारण एकोणिसाव्या शतकात अमीर शेर अली खानने हिंदुस्थानातून नेलेल्या कलावंतांचे वंशज याच मोहल्ल्यात नांदले. आता उस्तादाला शिकवता येत नाही आणि शागिर्दाला रियाझ करता येत नाही. ज्यांना जमले ते देश सोडून गेले. काबूलची राष्ट्रीय संगीत संस्था २०२१ च्या अखेरीस शिक्षक-विद्यार्थ्यांसह पोर्तुगालला पोहोचली. होमायून सखीसारखा थोर रबाबिया तर कितीतरी आधीपासून कॅलिफोर्नियात आहे.

म्हणजे वारसा आज ज्यांच्या बोटांत आहे, त्यांना आसरा पोर्तुगालने दिला. ज्या देशाचा सरोद याच रबाबातून घडला, त्या भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये काय केले? भारताबाहेर असलेल्या अफगाणांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. सुरक्षेचे कारण सांगितले गेले. ते त्या आठवड्यांपुरते समजूही शकते. पण रबाब घेऊन आलेल्या पठाणांच्या घरांतूनच आपली सरोदाची घराणी उभी राहिली, याचा विसर पडणे समजण्यासारखे नाही.

युनेस्कोला तालिबानचा हात रोखता येत नाही. आपल्याला मात्र करण्यासारखे पुष्कळ आहे. शिकायला किंवा शिकवायला येऊ पाहणाऱ्या अफगाण वादकांना व्हिसा आणि शिष्यवृत्ती देणे परराष्ट्र खात्याच्या हातात आहे. पुण्या-मुंबईतल्या संगीत महोत्सवांना तर त्यासाठीही थांबायला नको. परदेशात स्थिरावलेले रबाबिये आजही बोलावता येतील. येत्या हिवाळ्यात आयोजकांनी एक पूर्ण बैठक त्यांना द्यावी.