हरित पक्षाचा पराभव आणि आपल्याकडील घाईचे निष्कर्ष

फेब्रुवारी २०२५ च्या जर्मन सार्वत्रिक निवडणुकीत तेथील हरित पक्ष १४.८ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर घसरला, आणि परकीयांच्या द्वेषावर पोसलेला ‘जर्मनीसाठी पर्याय’ हा पक्ष २०.८ टक्के मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. मतदानाच्या दिवशी झालेल्या पाहण्यांनुसार कामगारांची सर्वाधिक मते याच पक्षाला पडली. तेव्हापासून आपल्या काही साथींच्या बोलण्यात एक निष्कर्ष वारंवार डोकावतो आहे. पर्यावरण हा भरल्या पोटाचा विषय. तो हाती घेतला की कामगार दुरावतो. सबब आपण आपले रोजगार, रेशन आणि घर यांपाशीच थांबावे! हा निष्कर्ष ज्या घटनांवर उभा केला जातो, त्या घटनाच त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

भरल्या पोटाचा विषय म्हणावा तर या पक्षाचे मूळ कोठे आहे ते पाहावे. १९७५ मध्ये नैर्ऋत्य जर्मनीतील व्हील या गावी नियोजित अणुवीज केंद्राची जागा अडवून बसले ते प्रामुख्याने परिसरातील शेतकरी आणि द्राक्षबागाईतदार होते. साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी जैतापूर प्रकल्पाविरुद्ध जे केले, आणि ज्यासाठी एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात आपल्यातील एक माणूस गमावला, त्याहून ते वेगळे नव्हते. अशा अनेक आंदोलनांतून जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरुह येथे हरित पक्ष स्थापन झाला. परिसरनिष्ठा, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा हे त्याचे चार आधारस्तंभ. गांधी-लोहियांच्या वाचकाला यांतला एकही परका वाटू नये. १९८३ मध्ये ५.६ टक्के मते घेऊन पेट्रा केली आणि त्यांचे सहकारी संसदेत पोहोचले.

प्रश्न पुढचा आहे. चार स्तंभांपैकी दुसऱ्याचे, सत्तेत गेल्यावर, काय झाले?

१९९८ ते २००५ या काळात हा पक्ष सोशल डेमोक्रॅटांबरोबर सत्तेत होता. १९९९ मध्ये ‘परिसर-कर’ आला. पेट्रोल, वीज यांवरील कर वाढवावा आणि त्या पैशातून मुख्यतः निवृत्तिवेतनाची वर्गणी कमी करावी, अशी योजना. कागदावर ती सुबक आहे; अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे. पण जो बेकार आहे, जो आधीच निवृत्त झाला आहे, तो वर्गणीच भरत नाही. त्याला कर लागला, सूट मिळाली नाही. उलट कारखानदारीला सवलतीचा दर. त्याच सरकारने आयकराचा सर्वोच्च दर ५३ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ४२ टक्क्यांवर आणला, आणि जानेवारी २००५ पासून ‘हार्ट्झ’ सुधारणांखाली दीर्घकाळ बेकार असलेल्यांचा भत्ता सामाजिक साहाय्याच्या पातळीवर, म्हणजे पश्चिमेत महिना ३४५ युरोंवर, नेऊन बसवला. यावर सांगितले जाते की हरित पक्ष धाकटा भागीदार होता. असेल, पण २००३ च्या कोटबुस अधिवेशनात त्यानेच या कार्यक्रमाला मोठ्या बहुमताने संमती दिली, ती कोणी त्याच्या मानेवर सुरी ठेवून घेतली नव्हती.

२००० चा अक्षय ऊर्जा कायदा हे मात्र या पक्षाचे खरोखरचे मोठे काम. सौर वा पवनऊर्जेची वीज ठरलेल्या दराने २० वर्षे विकत घेण्याची हमी त्याने दिली. सौर पट्ट्या आज जगभर स्वस्त झाल्या आहेत, त्याचे बरेचसे श्रेय या हमीने निर्माण केलेल्या बाजारपेठेला आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या सौर पंपापर्यंत तो धागा पोहोचतो. पण पैसा कोणी दिला? वीजबिलावरील अधिभाराने. २०१४ मध्ये तो युनिटमागे ६.२४ सेंट, म्हणजे घरगुती दराच्या सुमारे एकपंचमांश झाला होता. प्रचंड वीज खाणाऱ्या उद्योगांना यात सूट होती. ती लाल-हरित राजवटीतच सुरू झाली आणि मर्केलबाईंच्या काळात फोफावली. दोन खोल्यांत राहणारी विधवा आणि बंगलेवाला यांच्या उत्पन्नातील अंतर कितीही असो, दिवा आणि शीतपेटी दोघांनाही लागते. पोलाद व रसायनांच्या कारखान्यांची पावती जर तिच्या नावावर फाडली गेली, तर तिने पवनचक्कीकडे कौतुकाने पाहावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? हा अधिभार रद्द व्हायला जुलै २०२२ उजाडला.

२०२१ नंतर पुन्हा सत्ता आली, आणि तोच प्रकार अधिक ठळकपणे घडला. इंधनावरील कार्बन-शुल्काचे उत्पन्न दरडोई सारखे परत देण्याचे, ‘हवामान-निधी’ नावाचे वचन होते. अशी रक्कम गरिबाच्या पदरी शुल्कापेक्षा जास्त पडते, हे साधे अंकगणित आहे. सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये कोसळले तरी ती कोणाच्याच खात्यात पडली नव्हती. दरम्यान २०२३ मध्ये घरे तापवण्याची जुनी यंत्रे बदलण्याचा कायदा मात्र पुढे रेटला. पहिला मसुदा बाहेर आला तेव्हा कमी उत्पन्नाच्या घरमालकाला किती साहाय्य मिळणार हे स्पष्ट नव्हते. ४०,००० युरोंपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना जादा ३० टक्के अनुदान ठरले ते गदारोळ उठल्यानंतर. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात, तेथे या खर्चाचा काही भाग भाड्यावर चढवण्याची मुभा घरमालकांस आहेच. उजव्या पत्रांनी याचे भांडवल केले, हे खरे. भांडवल करण्याजोगे त्यांच्या हाती कोणी दिले?

याच काळातील दुसरे उदाहरण आपले साथी सांगत नाहीत. जून ते ऑगस्ट २०२२ असे तीन महिने केवळ ९ युरोंत महिनाभर देशभरच्या बसगाड्या व प्रादेशिक आगगाड्यांतून हिंडण्याचे तिकीट निघाले. सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटे खपली. पर्यावरण आणि गरिबाचा खिसा एकाच कागदावर आले, तेव्हा कामगार दुरावला नाही. तो रांगेत उभा राहिला. योजना चालू ठेवायला विरोध केला तो उदारमतवादी अर्थमंत्र्यांनी, त्यांना ती फुकटेपणाची खोड वाटली. पुढे आलेले तिकीट ४९ युरोंचे होते, जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ वर गेले. आणखी एक आकडा: २०२१ मध्ये ४.९ टक्क्यांवर असलेला डावा पक्ष २०२५ मध्ये ८.८ टक्क्यांवर गेला. त्याने प्रचार घरभाडे, महागाई आणि धनिकांवरील कर यांवर केला. हवामानाचा प्रश्न त्यासाठी टाकून दिला नव्हता.

आता आपल्या अंगणात येऊ. २०१० मध्ये भारत सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसवला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये त्याचे नावच बदलले. वस्तू व सेवा करामुळे राज्यांची जी तूट येईल, ती भरून काढण्याच्या खात्यात तो वळवण्यात आला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा होणारा पैसा कर-व्यवस्थेच्या डागडुजीला गेला, आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या धुरात आणि राखेत राहणाऱ्या कुटुंबाला त्यातून काय मिळाले, हे विचारायला आपल्यापैकी फारसे कोणी पुढे आले नाही. पर्यावरणवाल्यांना तो आकड्यांचा रुक्ष विषय वाटला, कामगार संघटनांना तो पर्यावरणवाल्यांचा वाटला. पर्यावरणापासून दूर राहा म्हणणारे साथी आजही याच दुसऱ्या ओळीत उभे आहेत. कोळशाच्या खाणी बंद होतील तेव्हा वणी, राजुरा, भद्रावतीच्या खाणकामगाराची मजुरी कोण भरणार, याचा आकडा आपण आजच मांडला नाही, तर तो मांडण्याचे काम कंपन्यांचे हिशेबनीस करतील.