कॅमेरा चार्ज का होत नाही? : भारतीय मानक ब्युरोच्या महासंचालकांस खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय मानक ब्युरो, मानक भवन,
बहादूरशाह जफर मार्ग, नवी दिल्ली

महोदय,


हुबळीहून यल्लापूरमार्गे कारवारकडे जाणारा रस्ता जेथे धारवाडच्या मोकळ्या पठाराचा निरोप घेऊन मलनाडच्या झाडीत शिरू लागतो, तेथे वसलेल्या कलघटगी या तालुक्याच्या गावातून हे पत्र आपणांस लिहीत आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात मोडणाऱ्या या मुलखात कानडीच्या सहवासात मराठी बोलणारी घराणी आजही नांदतात. त्यांतील कित्येकांची मुले नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी गेली असून, मागे राहिलेल्या वृद्ध आईवडिलांच्या ओसरीवर, हापूसच्या बागेवर आणि मक्याच्या खळ्यावर नजर ठेवण्याचे काम आता बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी कॅमेऱ्यांकडे आलेले आहे. शेतावर वीज ठरावीक तासच येते आणि बागेच्या टोकापर्यंत तार ओढणे खर्चाचे होते, म्हणून लोकांनी हे कॅमेरे पत्करले. सबब, असा कॅमेरा बंद पडला म्हणजे एखादे शोभेचे यंत्र बिघडले एवढ्यावर ती गोष्ट भागत नाही. दूरदेशी बसलेल्या मुलाला त्या रात्री आपल्या आईचे दार दिसत नाही.

या कॅमेऱ्यांविषयी जी तक्रार घरोघर ऐकू येते ती बहुधा एकच असते, की कॅमेरा चार्ज होत नाही. कंपनीच्या मदतकेंद्राला विचारावे तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळतो, आणि तेवढ्याने न भागल्यास बॅटरी गेली असे सांगून नवा कॅमेरा घेण्याची शिफारस होते. अशा प्रकरणांत जेवढे लक्ष मला घालता आले तेवढ्यावरून माझी खात्री झाली आहे, की टाकून दिलेल्या पुष्कळशा कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या शाबूत असतात; दोष केबलचा, जागेचा, उन्हाचा किंवा खोक्यावर न छापलेल्या माहितीचा असतो.

प्रथम केबलचे पाहू. कॅमेऱ्याला सी-टाइपची खाच असते आणि घरात नव्या मोबाइलसोबत आलेली, दोन्ही टोकांना सी-टाइप पिन असलेली केबल असते; ती लावली की दिवा लागत नाही, आणि ग्राहक हताश होतो. याचे कारण मानकातच लिहिलेले आहे. सी-टाइपचा चार्जर समोरच्या यंत्राची ओळख पटल्याखेरीज वीज सोडत नाही, आणि ती ओळख पटावी म्हणून यंत्राच्या खाचेत 5.1 किलो-ओहमचे दोन रोध बसविणे आवश्यक असते. हे अगदी किरकोळ किमतीचे रोध ज्या कारखानदाराने वगळले, त्याचा कॅमेरा जुन्या चौकोनी पिनेच्या चार्जरवर बिनतक्रार भरतो आणि नव्या चार्जरवर निर्जीव पडून राहतो. ज्यांच्या कॅमेऱ्याची ही गत आहे त्यांनी जुना पाच व्होल्टचा चार्जर आणि एका टोकाला चौकोनी पिन असलेली केबल वापरून पाहावी. तेवढ्यानेही दिवा न लागल्यास केबल आखूड व जाड घ्यावी, कारण लांब आणि बारीक तारेतून वाहताना विजेचा दाब वाटेतच उतरतो.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. दहा हजार मिलीअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे 37 वॉट-तासांचा साठा. तो पाच व्होल्ट आणि एक अँपिअरच्या चार्जरवर भरावयाचा म्हटले तर वाटेतील नाश धरून नऊ-दहा तास लागणारच. बॅटरी पूर्णपणे उतरलेली असेल तर कॅमेऱ्यातील चार्जिंगचे मंडल तिला प्रथम अगदी मंद प्रवाह देते आणि पहिला काही काळ पडद्यावर शून्यच दिसते. दोन तासांनी पिन काढून ‘भरत नाही’ असा निकाल देणाऱ्या गृहस्थाला मी दोष देणार नाही, कारण रात्रभर लावून ठेवावे हे त्याला सांगण्याची तसदी कोणी घेतलेलीच नसते.

परंतु ज्याविषयी मला सर्वांत अधिक कळकळीने लिहावयाचे आहे तो प्रश्न उन्हाचा आहे. लिथियम-आयन बॅटरी सर्वसाधारणपणे शून्य ते 45 अंश सेल्सिअस या मर्यादेतच भरू द्यावी, असा नियम आहे, आणि चांगला कॅमेरा ही मर्यादा ओलांडली की आपणहून चार्जिंग थांबवितो. तसे त्याने करणे योग्यच आहे, कारण तापलेल्या बॅटरीत वीज कोंबणे धोक्याचे असते. आता चैत्र-वैशाखात आमच्याकडील पश्चिमेच्या भिंतीवर, डोक्यावर छोटे सौर पॅनेल बसविलेला काळ्या रंगाचा कॅमेरा टांगला म्हणजे काय घडते ते पाहावे. सूर्य माथ्यावर आला की पॅनेल सर्वाधिक वीज देऊ लागते, त्याच वेळी कॅमेऱ्याची पेटी सावलीतल्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते आणि आतील बॅटरी ती वीज नाकारते. ऊन उतरून पेटी निवेपर्यंत वीजही उतरलेली असते. मालक रोज सायंकाळी पाहतो तो बॅटरी कालच्यापेक्षा खालीच, आणि एवढे ऊन असूनही पॅनेल कुचकामी निघाले असे त्याला वाटते. उपाय अवघड नाही. कॅमेरा वळचणीच्या सावलीत ठेवावा आणि पॅनेल मात्र तारेने दूर नेऊन, दक्षिणेकडे तोंड करून, कलघटगीच्या अक्षांशाइतका म्हणजे सुमारे 15 अंशांचा किंवा थोडा अधिक उतार देऊन उन्हात बसवावे. आमच्या रस्त्याची धूळ, आंब्याचा चीक व पाखरांची घाण अधूनमधून ओल्या फडक्याने पुसून काढावी. पण हा साधा उपाय ज्या माहितीवर उभा आहे, ती 45 अंशांची मर्यादा, मला पाहावयास मिळालेल्या एकाही खोक्यावर छापलेली नव्हती.

पावसाळ्याची कथा याच्या उलट आहे. आषाढ-श्रावणात येथे दिवसचे दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, आणि तीन वॉटचे पॅनेल नावापुरते उरते. खाचेवरील रबरी झाकण नीट न बसल्यास पिनेवर ओल धरते व हिरवट गंज चढतो. अशा वेळी कॅमेरा उतरवून, कोरडा करून, घरात भरून घेणे हाच मार्ग. त्यातच वादळात लाईट गेली की राउटर बंद पडतो, आणि जाळे हरवलेला कॅमेरा ते शोधण्याच्या खटपटीत आपली उरलीसुरली शक्ती घालवितो. ज्याच्यासमोर रस्त्याची रहदारी किंवा हलणारी फांदी येते तो कॅमेरा तर रात्रंदिवस चित्रण करीत राहतो. त्याचे तोंड थोडे वळविले आणि हालचाल टिपण्याची संवेदना कमी केली, तर न भरणारी बॅटरी पुरू लागते. बॅटरी फुगली असल्यास मात्र कोणताही प्रयोग न करता ती काढून ठेवावी.

हे सारे आपल्या दप्तरी कशासाठी रुजू करावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच एका प्रकटनात आहे. जानेवारी 2023 मध्ये आपल्या ब्युरोने तीन भारतीय मानके एकाच वेळी जाहीर केली. त्यांत सी-टाइपचे मानक आयएस/आयईसी 62680 होते आणि व्हिडिओ टेहळणी यंत्रणेची आयएस 16910 ही मालिकाही होती. ज्या दिवशी ही दोन मानके शेजारी शेजारी छापली गेली, त्या दिवशीच त्यांची गाठ घालून देणे शक्य होते. बॅटरीच्या सेलसाठी आयएस 16046 आहे, पण ते सुरक्षिततेपुरते. सेल पेटणार नाही याची ग्वाही ते देते, उन्हातल्या भिंतीवर तो भरेल किंवा नाही हा त्याचा विषय नव्हे. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने 9 एप्रिल 2024 रोजी अधिसूचना काढून कॅमेऱ्यांची माहितीचोरीपासून सुरक्षितता तपासणे सक्तीचे केले, आणि एका वर्षाने ती अमलात आली. त्या निर्णयाचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. चित्र परक्याच्या हाती पडू नये याची काळजी सरकारने वाहिली, त्याच कॅमेऱ्यात चित्र यावे याचीही काळजी वाहिली जावी, एवढेच मागणे आहे.

माझी दरखास्त फार मोठी नाही. बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या खोक्यावर चार्जिंगची तापमानमर्यादा, चार्जरचे व्होल्ट व अँपिअर, पूर्ण भरण्यास लागणारा काळ आणि पॅनेलचे खरे वॉट ठळकपणे, कानडी-मराठीसारख्या प्रादेशिक भाषांतूनही छापण्याचा दंडक घालावा. ज्या यंत्राला सी-टाइपची खाच आहे त्याने त्या मानकातील रोधांसह सर्व अटी पाळल्याच पाहिजेत, आणि नोंदणीच्या वेळी दोन्ही प्रकारच्या केबलींवर ते भरून पाहिले पाहिजे. तिसरी मागणी मला सर्वांत निकडीची वाटते: बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता यावी. युरोपीय संघाने तसा कायदा 2023 साली केला असून फेब्रुवारी 2027 पासून तो लागू व्हावयाचा आहे. ज्या ग्राहक व्यवहार खात्याच्या छत्राखाली आपला ब्युरो आहे, त्याच खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, आणि दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल त्याच्याकडे मे 2025 मध्ये आला. पण त्या निर्देशांकाची सुरुवात मोबाइल व टॅबलेटपासून सुचविलेली आहे. या यादीत घरगुती कॅमेरा यावा. आमच्या कलघटगीचे रंगीत लाकडी पाळणे घराण्यांतून पिढ्यानपिढ्या वापरले जातात, कारण त्यांचा एखादा भाग सैल झाला तर सुताराला तो उघडून पाहता येतो; कॅमेऱ्याची बॅटरी डिंकाने चिकटवून बंद केलेली असेल, तर दोन-तीन वर्षांत तिची शक्ती क्षीण होताच भिंग, संवेदक व पेटी यांसह सगळाच कॅमेरा कचऱ्यात जातो.

कारखानदार म्हणतील की यामुळे किंमत वाढेल. खोक्यावरील चार ओळींनी आणि दोन रोधांनी किती वाढेल, याचा हिशेब आपल्या तांत्रिक समितीने त्यांच्याकडून लेखी मागवावा, आणि तो जनतेसमोर ठेवावा. संबंधित मानकांची पुढील सुधारणा जेव्हा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होईल, तेव्हा प्रयोगशाळेतील मेजाबरोबरच वैशाखातील एक पश्चिमाभिमुख भिंतही तपासणीत धरावी, आणि हे पत्र आमच्या तालुक्यातील ग्राहकांची पहिली सूचना म्हणून दाखल करून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
कलघटगी येथील एक ग्राहक