दुसरा प्रतापगड

प्रतापगड म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे उभे राहते. १६५९ साल, अफझलखान, शामियाना, वाघनखे. हे सारे आपण इतक्या लहानपणी ऐकलेले असते की त्या नावाचा आणखी एखादा गड असेल ही शंकासुद्धा कुणाला येत नाही. पण आहे. महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जंगलातल्या एका डोंगरावर तो उभा आहे. पुण्यामुंबईच्या स्नेह्यांना ‘प्रतापगडला जाऊन आलो’ असे सांगितले की ते महाबळेश्वरच्या हवेची चौकशी करतात. पूर्वी मी खुलासा करीत असे. आता ‘हवा छान होती’ एवढेच सांगतो.

या गडाकडे पाहायला लोक इतिहासासाठी येत नाहीत, महाशिवरात्रीसाठी येतात. डोंगरावर महादेव आहे आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. (अजमेरच्या ख्वाजासाहेबांच्या गुरूंचे नावही उस्मान हारुनीच.) यात्रेच्या दिवसांत बेल वाहून झाला की तोच माणूस चादर चढवायला जातो, आणि आपण काही विशेष केले असे त्याच्या गावीही नसते. भाषणे करणारी मंडळी त्याला ऐक्य म्हणतात. तो त्याला जत्रा म्हणतो.

हा मुलूख झाडीपट्टीचा. जिल्हा १९९९ सालचा, त्याआधी सारे भंडाऱ्यात होते. पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. नकाशावर पाहिले तर हिरवा रंग आणि त्यात निळे ठिपके. ते ठिपके म्हणजे तलाव, आणि माझ्या मते या भागाचा खरा इतिहास गडावर नसून त्या तलावांच्या पाळींवर आहे.

तलाव बांधले ते कोहळी लोकांनी. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला होता, तिथे पाणी अडविण्यात वाकबगार अशी ही माणसे त्याला भेटली, आणि त्याने त्यांना आपल्या राज्यात आणून वसविले. कथा खरी असो वा नसो, गोंड राजांचे धोरण मात्र शहाणपणाचे होते. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन. तलवार चालविणाऱ्याला जहागीर देणारे राजे पुष्कळ झाले. कुदळ चालविणाऱ्याला देणारे थोडे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला असे लोक सांगतात. पाळीवर त्याला देव करून बसविले आहे. एखाद्या स्थापत्यविशारदाला नैवेद्य मिळतो असे ठिकाण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजार गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्यांच्या वेठीच्या कथा मी वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आहेत. पण त्यांच्याबरोबर एक रीतही गेली. उन्हाळ्यात तलाव आटला की गाव मिळून गाळ काढी आणि तो आपल्या बांधीत नेऊन टाकी. तलावाचे पोट मोकळे होई आणि धानाला खत मिळे. सरकारी तलावाचा गाळ कुणी काढायचा? वर्षामागून वर्षे तो साचत राहिला, वर बेशरमीची झुडपे माजली, आणि मासे रोडावले. अलीकडे याच तालुक्यातील काही गावांच्या ढिवर स्त्रियांनी ती बेशरम उपटून तलावात पुन्हा जुन्या पाणवनस्पती लावल्या. मासा कुठल्या गवतात अंडी घालतो हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला जी वर्षे काढली, त्यांत त्यांनी या लोकांचे असे ज्ञान किती आदराने ऐकले, हे त्यांचे वाचक जाणतातच.

आता या मुलुखात ‘मूळचा’ कोण, हा प्रश्न विचारून पाहावा. गोंड पहिले, यात वाद नाही. कोहळी काशीकडचे, त्यांच्याच सांगण्यावरून. अरुणनगर, गौरनगर ही गावे बंगाल्यांची. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्यांची ही वसाहत. तिथे दुर्गापूजेचा ढाक वाजतो आणि तलावातली मासळी झणझणीत रश्शाऐवजी मोहरीच्या रश्शात पडते. इटियाडोहचे धरण गोठणगावला गाढवी नदीवर झाले, त्याने खालच्या शेतांना पाणी दिले आणि वरच्या काही घरांना उठविले.

आणि मग, १९७२ मध्ये, तिबेटी आले.

गोठणगाव आणि प्रतापगड यांच्या परिसरात नोर्गेलिंग नावाची त्यांची वसाहत आहे. दलाई लामा १९५९ साली भारतात आले, त्यांच्यामागून आलेल्यांसाठी कर्नाटकात, मैनपाटला आणि इतरत्र अशा वसाहती झाल्या. त्यांतली महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली ही. ज्यांनी जन्मभर बर्फ आणि याक पाहिले त्यांच्या हाती उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांना टेकणारा प्रदेश आणि धानाची बांधी आली. चिखलात पऱ्हे रोवायला त्यांना इथल्याच मजुरांनी शिकविले. आज सागाच्या रानात एकाएकी रंगीत प्रार्थनापताका फडफडताना दिसतात, गोंपाचे छत चमकते आणि नवख्या माणसाला आपण रस्ता चुकलो असे वाटते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दुकानात थबकलो. गल्ल्यावर सत्तरीचे गृहस्थ, हाती जपमाळ. इंग्रजीत सुरुवात करावी की हिंदीत, या विचारात मी असतानाच ते म्हणाले, “बसा जी, सर. पानी घेता का?”

‘पानी’! ‘ण’ नाही आणि वर तो गोड ‘जी’. ही अस्सल झाडी. या बोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो आणि ‘ळ’ चा ‘र’. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. मी मराठीचा अध्यापक. माझ्या वर्गात कोहळ्याचा, गोवाऱ्याचा, ढिवराचा मुलगा उभा राहिला की आधी घसा खाकरतो, मग पुस्तकी ‘ळ’ कसाबसा जुळवितो, आणि चुकून ‘डोरा’ तोंडून गेला तर मागच्या बाकावर हशा पिकतो. हसणारेही घरी डोराच म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालून या बोलीचे शब्द गोळा केले, तिची साहित्यसंमेलने भरतात, परंतु वर्गातला तो हशा अजून थांबलेला नाही. आणि इथे ल्हासाकडून आलेला माणूस तीच बोली निःसंकोच बोलत होता, कारण ती शुद्ध की अशुद्ध हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्याने ती बाजारातून आणि शेजाऱ्याच्या बांधावरून उचलली होती.

कागदांची गोष्ट निराळी. आपल्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक ठरतो. त्यानंतर जन्मलेल्याला आईबापांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो. तिबेटींनाही हा नियम लागू आहे हे न्यायालयांत भांडून ठरवून घ्यावे लागले. काही जण अर्ज करतात. काही जण मुद्दाम करीत नाहीत. निर्वासिताचे कार्ड टाकले म्हणजे परत जाण्याची आशाच टाकली असे त्यांना वाटते. मी त्या गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी माळेचे दोन मणी पुढे सरकविले आणि म्हणाले, “माजा आता काय जी, पोरायचा सांगा.” पोरांचे सांगणे अवघड नव्हते. एक बंगळूरला, एक परदेशात. धानाची बांधी शेजारच्या गावचा माणूस कसतो.

हे ऐकून मी शहाणपणाचे चार शब्द बोलणार होतो, पण बोललो नाही. माझ्या वर्गातून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेली कोहळ्यांची आणि बंगाल्यांची मुले नागपूर-पुण्याला नाही तर कुठे आहेत? तलाव बांधणाऱ्यांचे वंशज आज इमारतींवर राखणदार आहेत. जो येतो तो आधी इथला होतो आणि मग इथून जातो. तिबेटींनी ते पन्नास वर्षांत केले, कोहळ्यांना काही शतके लागली, एवढाच फरक.

दिवाळीत हा मुलूख पाहावा. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, गोवारी नाचतात, रात्री मंडपात झाडीपट्टीचे नाटक उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. ज्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीच ही. गेलेली मुले या दिवसांत परततात, ‘डोरा’ म्हणतात, कुणी हसत नाही.

नेमक्या याच दिवसांत नोर्गेलिंगमध्ये बोचकी बांधली जातात. स्वेटरचा हंगाम सुरू होतो. नागपुरात आणि इतर शहरांत फुटपाथच्या कडेला लोकरीचे ढीग मांडून बसायचे असते. वसाहतीत म्हातारे आणि भिक्षू तेवढे राहतात. दुकानदार गृहस्थ जात नाहीत, गुडघे दुखतात. मंडईतले नाटक बघता का, असे मी विचारले.

“बघतो ना जी,” ते म्हणाले, “पन बारा वाजता झोप येते.”